गर्दीतला सूर्य

‘सूर्य हा एक सामान्य तारा आहे.’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की त्यापुढे काय येणार हेही आता पाठ झालंय. आकाशगंगेत अब्जावधी तारे, त्यातला हा एक, तोही मधल्या मापाचा, मध्यमवयीन, केंद्रापासून 26,000 प्रकाशवर्षं दूर कुठेतरी पडलेला. मग माणसाच्या क्षुद्रतेवर दोन ओळी. माणसानं नम्र असावं याला माझी काहीच हरकत नाही. पण त्यासाठी सूर्याला सामान्य ठरवायचं तर आधी मोजदाद करायला हवी. कुणाच्या तुलनेत सामान्य? कोणत्या गर्दीत उभा करून?

कारण गर्दी बदलली की सूर्याचा नंबर बदलतो, आणि तोही थोडाथोडका नाही. एका गर्दीत तो जवळजवळ तळाला असतो, तर दुसरीत पहिल्या दहा-पंधरा टक्क्यांत.

पहिली गर्दी आपल्या ओळखीची. चांगल्या अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-तीन हजार तारे दिसतात. त्यातल्या नावाजलेल्यांची हजेरी घ्या. व्याध सूर्याच्या 25 पट तेजस्वी. अभिजित 40 पट. स्वाती 150 पटींहून जास्त, रोहिणी 400 पटींहून जास्त, आणि मृगातला निळसर राजन्य तर थेट लाखाच्या घरात. या मंडळींत सूर्याला बसवलं तर तो कुठे कोपऱ्यात सापडेल. व्याधापाशी जाऊन (8.6 प्रकाशवर्षं, म्हणजे अगदी शेजार) मागे वळून पाहिलं, तर सूर्य साधारण आपल्या ध्रुवताऱ्याइतका दिसेल. वाईट नाही. पण अभिजितवरून तो चौथ्या प्रतीचा फिका तारा झालेला असेल, आणि 65 प्रकाशवर्षांवरच्या रोहिणीपाशी पोचेपर्यंत तीक्ष्ण नजरेच्या माणसालासुद्धा तो दिसेल की नाही, शंकाच आहे. राजन्य 800 प्रकाशवर्षांहून दूर असूनही आपल्याला ठळक दिसतो. सूर्य त्या अंतराच्या दहाव्या हिश्शावरही नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही.

आता दुसरी गर्दी घेऊ. यात कोण चमकतो ते पाहायचं नाही. सूर्याभोवती 33 प्रकाशवर्षांचा एक गोल कल्पायचा आणि त्यात जे जे तारे सापडतील ते सगळे मोजायचे. खगोलशास्त्रज्ञ ही यादी कित्येक दशकं जमवताहेत, आणि अजूनही तिच्यात अधूनमधून एखादा फिका तारा नव्यानं दाखल होतो. या गोलात तीनशेहून जास्त तारे आहेत. व्याधाच्या जातीचे पांढरेशुभ्र तारे त्यात फक्त 4: व्याध, अभिजित, श्रवण आणि फोमलहॉट. राजन्यासारखा एकही नाही. सूर्याच्या जातीचे जेमतेम वीसेक. बाकी बहुतेक सगळे लाल बटू आहेत, सूर्याच्या निम्म्याहूनही कमी वस्तुमानाचे, मंद, तांबूस तारे. एकूण आकाशगंगेतही दर चारांत तीन तारे या जातीचे असावेत.

आणि या तीन-चतुर्थांश जनतेपैकी एकही तारा आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

मला हे खगोलशास्त्रातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाक्य वाटतं. कृष्णविवरं वगैरे त्यानंतर. हजारो वर्षं माणसानं आकाश पाहिलं, राशी आखल्या, नक्षत्रं मोजली, पंचांगं बांधली, आणि त्या सबंध काळात ताऱ्यांची जी खरी बहुसंख्या आहे तिच्यातला एकही सदस्य त्याच्या नजरेस पडला नाही. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमा सेंटॉरी, अंतर 4.24 प्रकाशवर्षं, सापडला 1915 मध्ये. रॉबर्ट इनेस यांनी तो शोधला तेव्हा आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षतावाद आकाराला येत होता. इतक्या उशिरा आपल्याला घराशेजारचं घर दिसलं, कारण नुसत्या डोळ्यांना दिसायला प्रॉक्झिमाला आहे त्याहून सुमारे शंभर पट तेज लागलं असतं.

म्हणजे रात्रीचं आकाश हा ताऱ्यांचा प्रातिनिधिक नमुना मुळीच नाही. तिथे आपल्याला दिसतात ते प्रचंड तेजस्वी आणि म्हणूनच प्रचंड दुर्मीळ तारे, शेकडो प्रकाशवर्षांवरूनही. बहुसंख्य समाज शेजारी असूनही अंधारात. तेजाच्या हिशेबानं सूर्य आकाशगंगेतल्या सुमारे 85 टक्के ताऱ्यांहून उजवा आहे. त्याच्या जातीचे, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ ज्याला जी वर्ग म्हणतात त्या वर्गातले तारे शंभरात सात-आठ निघतात. याला मध्यम म्हणायचं तर म्हणा, पण ते मध्यम राजन्य आणि प्रॉक्झिमा या दोन टोकांमधलं झालं. लोकसंख्येतलं मध्यम वेगळं, आणि ते फार खाली, लाल बटूंच्या वस्तीत आहे.

सूर्याला इतर ताऱ्यांशेजारी ठेवून पाहण्याचा एक जुना प्रयत्न मला फार आवडतो. सतराव्या शतकातल्या क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाचा. त्या काळी ताऱ्यांची अंतरं मोजायची कोणतीही पद्धत हातात नव्हती. हायगेन्सनं विचार केला, व्याध हा सूर्यासारखाच तारा आहे असं धरू. मग तो इतका मिणमिणता दिसतो तो केवळ अंतरामुळे. तर सूर्याचा किती लहान तुकडा पाहिला म्हणजे तो व्याधाइतका दिसेल? त्यानं एक लांब नळी घेतली, तिचं एक टोक झाकलं, झाकणाला बारीक भोक पाडलं आणि त्यातून सूर्याकडे पाहिलं. भोकातून दिसणारा सूर्याचा तुकडा व्याधापेक्षा खूपच प्रखर. मग भोकासमोर काचेचा एक सूक्ष्म मणी बसवून प्रकाश आणखी कमी केला. असं करत करत एकदा त्याला वाटलं, हां, आता हा ठिपका रात्रीच्या व्याधाइतका दिसतोय. हिशेब केला: सूर्याच्या रुंदीचा 27,664 वा भाग. म्हणजे व्याध सूर्याच्या 27,664 पट दूर. त्याच्या मृत्यूनंतर, 1698 मध्ये छापलेल्या पुस्तकात हा आकडा आला.

या प्रयोगातली अडचण उघड आहे आणि गोडही. सूर्य दिवसा, व्याध रात्री. दोन्ही एका वेळी नजरेसमोर ठेवताच येत नाहीत. भोकातला सूर्य डोळ्यासमोर आणि व्याध आठवणीत, अशी ती तुलना. आजच्या मोजमापाप्रमाणे व्याध सूर्याच्या सुमारे 5,44,000 पट दूर आहे, म्हणजे हायगेन्सच्या उत्तराच्या जवळजवळ वीस पट. ही वीस पटींची तफावत आली कुठून? मी एकदा कागदावर गणित करून पाहिलं. आपल्याला सूर्य व्याधाच्या सुमारे 1,300 कोटी पट प्रखर दिसतो. अंतर वाढलं की प्रखरता वर्गाच्या हिशेबानं घटते, तेव्हा व्याध खरोखर सूर्याइतका असता तर तो 1,300 कोटींच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे सुमारे 1,14,000 पट अंतरावर असायला हवा. हायगेन्सनं याच्या चौथ्या हिश्शाएवढं अंतर काढलं. तो दोष डोळ्याचा आणि आठवणीचा. उरलेली पाच पट मात्र गृहीतकाची. व्याध सूर्यासारखा नाहीच, तो 25 पट तेजस्वी आहे, आणि 25 चं वर्गमूळ 5. आठवणीच्या भरवशावर आकाश मोजणाऱ्या माणसाची चूक फक्त चौपट निघते. मी तरी टोपी काढतो.

गृहीतकावाचून अंतर मोजता आलं ते 1838 मध्ये. फ्रीडरिश बेसेलनं हंस तारकासमूहातल्या 61 सिग्नी या ताऱ्याचं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून भासणारं, वर्षभरातलं किंचितसं हलणं, म्हणजे पराशय, टिपलं. तारा जितका जवळ तितकं हे हलणं जास्त. एकदा अंतर कळलं की दिसणाऱ्या प्रखरतेवरून खरं तेज काढता येतं, आणि मग सूर्य आणि इतर तारे एका पट्टीवर आणता येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हर्टझ्स्प्रुंग आणि रसेल या खगोलशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे ताऱ्यांचं तेज आणि त्यांचा रंग यांचा आलेख काढला. बहुतेक तारे त्यावर एका तिरप्या पट्ट्यात आले. वरच्या टोकाला तापलेले निळे, खालच्या टोकाला मंद लाल, आणि सूर्य मधोमध. ‘मध्यम तारा’ या कल्पनेला बळ मिळालं ते बहुधा या चित्रामुळे. चित्रात मधोमध असणं आणि गर्दीत मधोमध असणं यातला फरक आलेखात दिसत नाही. तिथे एक ठिपका म्हणजे एक तारा, पण कोणते ठिपके काढले जातील हे दुर्बिणीला काय दिसलं यावर ठरतं.

मापांच्या बाबतीत टोकं इतकी लांब आहेत की आकडे वाचून अर्थबोध होत नाही. मृगातला तांबूस काक्षी सूर्याच्या जागी आणून ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी गिळून त्याची कड मंगळाच्या कक्षेच्याही बाहेर जाईल. मात्र मला काक्षीच्या आकारापेक्षा त्याच्या विरळपणाची जास्त गंमत वाटते. वस्तुमान सूर्याच्या पंधरा-वीस पट, पण घनफळ कोट्यवधी पट. सरासरी घनता काढली तर ती आपण श्वासात घेतो त्या हवेच्या हजारो पटींनी कमी भरते. उलट प्रॉक्झिमा: सूर्याच्या आठव्या हिश्शाएवढं वस्तुमान, पण ते इतक्या लहान गोळ्यात ठासलेलं की त्याची घनता शिशाच्या चौपट. सूर्य पाण्यापेक्षा थोडा जड, 1.4 पट. ताऱ्याचा आकार म्हणून जो आकडा आपण सांगतो, त्याच्या आत किती ऐवज आहे हे त्यावरून अजिबात कळत नाही.

आणि ऐवज कसला आहे? याची गोष्ट थोडी सांगायलाच हवी, कारण तिच्यात मेघनाद साहा आहेत. सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात, लोह, कॅल्शियम, सोडियम यांच्या काळ्या रेषा ठळक दिसतात. त्यावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वमान्य समजूत अशी होती की सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच मूलद्रव्यांचा आहे, फक्त तापलेला. 1920 मध्ये साहांनी दाखवलं की एखाद्या मूलद्रव्याची रेषा ठळक आहे की पुसट, हे त्याच्या प्रमाणाइतकंच तापमानावर आणि दाबावर अवलंबून असतं. कारण तापमानाप्रमाणे अणूंमधले इलेक्ट्रॉन कमी-जास्त निसटतात. म्हणजे निळा तारा आणि पिवळा तारा यांचे वर्णपट इतके वेगळे दिसतात, तरी आतला माल एकच असू शकतो. हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेनं साहांचं समीकरण वापरून 1925 च्या प्रबंधात प्रमाणं काढली. उत्तर आलं, ताऱ्यांत हायड्रोजन प्रचंड आहे, धातूंच्या सुमारे दहा लाख पट. हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या सर्वांत वजनदार माणसानं तिला सांगितलं की हे शक्य नाही. तेव्हा प्रबंधात तिनं स्वतःच्याच निष्कर्षापुढे लिहिलं की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी, 1929 मध्ये, रसेल स्वतः दुसऱ्या वाटेनं त्याच उत्तराला पोचला.

आज आपण म्हणतो, सूर्यात वस्तुमानानं सुमारे 73 टक्के हायड्रोजन, 25 टक्के हेलियम आणि उरलेल्या दीड-दोन टक्क्यांत लोह, कार्बन, ऑक्सिजन, सोनं, सगळं. हा दीड-दोन टक्क्यांचा उरलासुरला भाग ताऱ्यांच्या समाजात सुबत्तेचा म्हणायचा. आकाशगंगेच्या सर्वांत जुन्या ताऱ्यांत जड मूलद्रव्यं याच्या शंभराव्या हिश्शानंही सापडत नाहीत. सूर्य उशिरा जन्मला, 460 कोटी वर्षांपूर्वी, तोवर आधीच्या पिढ्यांतल्या ताऱ्यांनी ही मूलद्रव्यं शिजवून अवकाशात उधळून ठेवली होती.

सूर्याबद्दल ‘धगधगती भट्टी’ असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यावर एक हिशेब करून पाहावा. सूर्य दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि त्यात 40 लाख टनांहून जास्त वस्तुमान ऊर्जेच्या रूपानं निघून जातं. आकडा अफाट आहे. पण ही ऊर्जा सूर्याच्या एकूण वस्तुमानावर वाटली तर किलोमागे 0.0002 वॅट इतकीच येते. खुर्चीत काहीही न करता बसलेला माणूस किलोमागे 1 वॅटच्या वर उष्णता बाहेर टाकत असतो. वजनास वजन लावलं तर तो माणूस सूर्याच्या पाच-सहा हजार पट तापट भरतो. सूर्य तळपतो तो केवळ अवाढव्य आहे म्हणून. आत चाललेलं काम मात्र कमालीचं संथ आहे. केंद्रात तापमान दीड कोटी अंश, तरीही एका प्रोटॉनला दुसऱ्या प्रोटॉनशी कायमचं जुळायला सरासरी शेकडो कोटी वर्षं लागतात. नुसती टक्कर पुरत नाही. टकरीच्या त्या क्षणीच दोघांपैकी एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि ते क्वचितच घडतं.

या संथपणावर सूर्याचं आयुष्य उभं आहे. एकूण सुमारे 1,000 कोटी वर्षं, त्यातलं निम्म्याच्या जरा आतलं संपलेलं. जास्त वस्तुमानाच्या ताऱ्याकडे इंधन जास्त, पण खर्च त्याहून कैक पटींनी जास्त. काक्षीसारखा तारा एखाद कोटी वर्षांत आटोपतो. डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले त्याला 6.6 कोटी वर्षं झाली. तेव्हा काक्षी जन्मलाही नव्हता, आणि आता तो शेवटाला आलाय. दुसऱ्या टोकाला सर्वांत लहान लाल बटू लाखो कोटी वर्षं जळत राहतील असं गणित सांगतं. विश्वाचं वय 1,380 कोटी वर्षं. म्हणजे विश्वाच्या सुरुवातीपासून आजवर एकही लाल बटू म्हातारपणानं मेलेला नाही. त्यांचं म्हातारपण कसं असेल हे फक्त कागदावर ठाऊक आहे. पाहायला उदाहरणच नाही.

सूर्याचं म्हातारपण मात्र पाहायला मिळतं. स्वातीकडे पाहा. त्याचं वस्तुमान सूर्यापेक्षा किंचितच जास्त. केंद्रातला हायड्रोजन संपवून तो सूर्याच्या 25 पट फुगलाय आणि पृष्ठभाग थंडावून नारिंगी झालाय. 500 कोटी वर्षांनंतरचा आपला सूर्य याच वाटेनं जाणार. आणि त्यानंतरची पायरी व्याधाशेजारी आहे. 1862 मध्ये अल्वन ग्रॅहम क्लार्क एका नव्या दुर्बिणीचं भिंग तपासत असताना त्याला व्याधाला चिकटून एक मंद ठिपका दिसला. तोच व्याधाचा जोडीदार: वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा, इंधन संपलेला, निवत चाललेला श्वेतबटू. व्याधाच्या किंचित डुलण्यावरून असा कुणी सोबती असणार, हे बेसेलनं 1844 मध्येच सांगून ठेवलं होतं. सोबत्यावरून आठवलं, सूर्याच्या जातीच्या जवळजवळ निम्म्या ताऱ्यांना एखादा तरी जोडीदार असतो. आपला एकटा आहे. कुणी लपलेला जोडीदार असावा म्हणून शोध झाले, काही सापडलं नाही.

सूर्याची हुबेहूब जोडी म्हणावी असे तारेही आहेत. वृश्चिकाच्या उत्तर टोकाला, तांबड्या ज्येष्ठेपासून बरंच वर, 18 स्कॉर्पी नावाचा एक तारा आहे, 46 प्रकाशवर्षांवर. तापमान, वस्तुमान, घटक, सगळं सूर्याशी जुळतं. नकाशा हातात धरून मी तो द्विनेत्रीतून शोधून काढला. बघण्यासारखं काही नव्हतं. आजूबाजूच्या फिक्या ठिपक्यांतला एक फिका ठिपका, रंगही धड न कळणारा. नकाशात नाव छापलेलं नसतं तर नजर त्याच्यावरून सरळ पुढे गेली असती. तिथून आपला सूर्य असाच, अगदी याच प्रतीचा दिसत असणार.

मात्र सूर्याच्या बाबतीत आपल्याला एक सवलत आहे जी दुसऱ्या कोणत्याही ताऱ्याच्या बाबतीत नाही. त्याचा चेहरा दिसतो. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची (डोळा लावायचा नाही, हे सांगायला नकोच, तरी सांगतो), की तळहाताएवढी तबकडी उमटते. आधी लक्षात येतं की ती कडेला मधल्यापेक्षा अंधुक आहे. कडेला आपली नजर तिरपी जाते, सूर्याच्या वरच्या, थोड्या थंड थरातच अडकते, म्हणून. मग डाग दिसतात. कागद हलवला तरी प्रतिमेबरोबर राहतात, म्हणजे ते कागदावरचे नाहीत. गडद गाभा, भोवती करड्या तंतूंची झालर. पेन्सिलीनं त्यांच्या जागा टिपून ठेवल्या की दुसऱ्या दिवशी ते सरकलेले असतात. सूर्य स्वतःभोवती फिरतोय हे त्या दोन ठिपक्यांतल्या अंतरात दिसतं.

हे डाग काळे दिसतात, पण काळे नाहीत. सूर्याचा पृष्ठभाग 5,500 अंश सेल्सिअस, डागाचा गाभा साधारण 3,500 ते 4,000. भोवतालच्या लखलखाटात तो काळा भासतो इतकंच. प्रॉक्झिमाचा सबंध पृष्ठभाग 3,000 अंशांच्याही आत आहे. आपण ज्याला सूर्यावरचा डाग म्हणतो तो आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा तापलेला आहे. काक्षीपेक्षाही.

डागांपाशी चुंबकीय क्षेत्र गुंतलेलं असतं आणि ते एकदम मोकळं झालं की सौरज्वाला भडकते. 1 सप्टेंबर 1859 रोजी रिचर्ड कॅरिंग्टन असाच सूर्याच्या पाडलेल्या प्रतिमेवरून डागांचं चित्र काढत होता. एका मोठ्या डागसमूहावर अचानक दोन झगझगीत पांढरे ठिपके पेटले आणि पाचेक मिनिटांत विझले. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं, तारायंत्रं बिघडली, आणि एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारे प्रकाश उष्ण कटिबंधापर्यंत दिसले. सूर्यावर नोंदवलेल्या सर्वांत जबर ज्वालांपैकी ती एक. आणि तरीही इतर ताऱ्यांच्या मानानं ती किरकोळच म्हणावी लागते. तरुण, वेगानं गरगरणारे तारे, आणि प्रॉक्झिमासारखे कित्येक लाल बटू याहून वारंवार आणि स्वतःच्या तेजाच्या मानानं कितीतरी जोरानं भडकतात. प्रॉक्झिमाला 2016 मध्ये एक ग्रह सापडला, 11 दिवसांत प्रदक्षिणा घालणारा, पाणी द्रवरूप राहू शकेल अशा अंतरावर. त्यावर बातम्या आल्या तेव्हा या ज्वालांचा उल्लेख बहुतेकांनी शेवटच्या परिच्छेदात ढकलला होता. ज्या ग्रहाला ऊब मिळावी म्हणून आपल्या ताऱ्याला इतकं बिलगून राहावं लागतं, त्याला त्या ताऱ्याचा राग चुकवता येत नाही.

तर मग सूर्य शांत आहे का? आकार, तेज, वय यांबद्दलचे वाद आता मिटलेत; माझ्या मते उत्सुकता लावणारा प्रश्न हा एकच उरलाय. साधारण 11 वर्षांच्या चक्रात डाग वाढतात, कमी होतात, पण सूर्याचं एकूण तेज सगळं मिळून 0.1 टक्का बदलतं. केप्लर ही अवकाशातली दुर्बीण हंस आणि स्वरमंडलच्या दिशेला वर्षानुवर्षं टक लावून बसली होती. ग्रह शोधायला, पण तिच्या नोंदींत लाखाहून जास्त ताऱ्यांची चढउतार आपसूक साठली. 2020 मध्ये संशोधकांनी त्यातून तापमान, वय आणि फिरकी या बाबतींत सूर्याशी जुळणारे 369 तारे निवडले. त्यांच्या तेजातली चढउतार सूर्याच्या सरासरी पाचपट निघाली. मग 2024 च्या शेवटी आणखी मोठी पाहणी आली: सूर्यासारखे 56,000 हून अधिक तारे, आणि त्यांच्यावर जवळजवळ 2,900 महाज्वाला, कॅरिंग्टनच्या ज्वालेला कुठल्या कुठे टाकतील अशा. हिशेब असा निघाला की सूर्यासारख्या ताऱ्यावर सरासरी शंभर वर्षांत एकदा अशी महाज्वाला भडकते.

शंभर वर्षांत एकदा! दुर्बिणीतून सूर्य पाहायला लागून चारशे वर्षं झाली आणि तसं काही घडलेलं नाही. जुन्या झाडांच्या वर्षवलयांत काही खुणा मिळतात, कारण अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्यानं हवेत किरणोत्सारी कार्बन तयार होतो आणि झाडं तो शोषून घेतात. इ.स. 774-775 च्या वलयांत किरणोत्सारी कार्बन एकाएकी उसळलेला दिसतो. फुसा मियाके यांनी 2012 मध्ये तो दाखवला. फ्रेंच आल्प्समध्ये गाडल्या गेलेल्या झाडांत 14,300 वर्षांपूर्वीची आणखी मोठी उसळी सापडली. या सूर्याच्या करणीच्या असाव्यात, असंच बहुतेकांना वाटतं. पण अशा उसळ्या सगळ्या मिळून हातावर मोजण्याइतक्या. शंभर वर्षांना एक हा हिशेब त्यात कुठेच बसत नाही.

यावर दोन स्पष्टीकरणं पुढे येतात. एक, त्या यादीतले तारे सूर्याचे खरे जुळे नाहीत. ज्यांची फिरकी नीट मोजता येते ते मुळातच जास्त डागाळ, जास्त अवखळ तारे असतात, आणि सूर्यासारखे गुळगुळीत वागणारे त्या चाळणीतून निसटतात. दोन, सूर्यही त्यांच्यासारखाच आहे, आणि आपण त्याच्या एका लांबलेल्या शांत काळात जगतो आहोत. ताऱ्यांच्या मानानं काही हजार वर्षं म्हणजे काहीच नाही.

माझा कल पहिल्याकडे आहे, आणि त्याचं कारण पुन्हा गर्दीच. डोळ्यांना जसे फक्त तेजस्वी तारे दिसले आणि आपण त्यांनाच आकाश समजलो, तसेच केप्लरलाही आधी दिसले ते चढउतार करणारे तारे. जो तारा काहीच करत नाही त्याची फिरकी मोजायला धरायला डागच नसतो. केप्लरच्या नोंदींतच असे बरेच तारे आहेत, सूर्याच्या तापमानाचे, फिरकी न मोजता आलेले, आणि त्यांची चढउतार सूर्यासारखीच बेताची आहे. त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं, आणि ते काम कंटाळवाणं आहे: जिथे काही घडत नाही तिथे दशकानुदशकं पाहत राहणं. महाज्वालेची बातमी होते. न झालेल्या महाज्वालेची नोंद ठेवायला कुणी तयार झालं, तर सूर्य नेमका कोणत्या रांगेतला हे कळायची शक्यता आहे.